मातीची जमीन काढून काँक्रीट करायचंय? आधी भिंतीचा पाया उघडून बघा

प्रश्न: आमचं घर जुनं आहे, भिंती दगडमातीच्या, अर्धा मीटर जाड. सध्या दुरुस्ती काढली आहे. ४ बाय ५ मीटरच्या मोठ्या खोलीत अजून चोपलेल्या मातीची जमीन आहे. धूळ उठते, थंडीत पाय ठेववत नाही आणि मागच्या भिंतीला खालून वीतभर ओल दिसते. त्या बाजूला बाहेरची जमीन आतल्यापेक्षा उंच आहे. खोलीची उंची २.३ मीटर. गवंडी म्हणतात, आहे त्या मातीवर प्लास्टिक अंथरून १० सेंमी काँक्रीट टाकू, त्यावर थर्माकोल आणि वर फरशी. थर्माकोल दबणार नाही का? खोदायचं किती? आणि भिंतीची ओल वाढेल का?

उत्तर: थर्माकोलची काळजी आधी मिटवू, कारण ती सगळ्यात सोपी आहे. जमिनीखाली घालायचा थर्माकोल म्हणजे सामानाच्या खोक्यात येतो तो नव्हे. दर घनमीटरला साधारण २० किलो घनतेचा, ‘ईपीएस १००’ या दर्जाचा घ्या. यातला १०० हा आकडा किलोपास्कलचा आहे. एवढ्या दाबाखाली शीटची जाडी १० टक्क्यांनी कमी होते. कायमच्या वजनासाठी त्याचा तिसरा हिस्साच धरायचा, तरी चौरस मीटरला सुमारे ३ टन होतात. आता तुमच्या खोलीचा हिशोब मांडा. १० सेंमी काँक्रीटचे चौरस मीटरला २४० किलो, फरशीचे पन्नासेक, माणसं आणि सामान धरून दोनशे. सगळं मिळून ५०० किलोंच्या आत. काँक्रीटखाली ठेवलेला चांगला थर्माकोल दबत नाही.

दबतो तो फरशीखाली लगेच ठेवलेला. कपाटाच्या एका पायाचं वजन दोन बोटांच्या जागेवर येतं आणि ते पसरवायला वर काही नसतं. आधी फरशीचे सांधे उलतात, मग फरशी हलायला लागते. इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा हा थर, काँक्रीटच्या वरच ठेवायचं असेल, तर त्यावर किमान ६५ मिमी सिमेंट-वाळूचा थर हवा, म्हणजे खोलीची तेवढी उंची पुन्हा जाणार. तुमच्या गवंड्यांचं सामान बरोबर आहे, क्रम तेवढा चुकला आहे. तुम्ही रोज वापरता त्या घरात इन्सुलेशन काँक्रीटच्या खालीच बरं. मग काँक्रीट खोलीच्या उबेचा भाग होतं, सावकाश तापतं आणि सावकाश निवतं.

वरून खाली थर असे धरा: फरशी आणि तिचा चिकट मसाला २० मिमी, काँक्रीट १०० मिमी, त्याखाली पातळ प्लास्टिक, थर्माकोल १०० मिमी, त्याखाली १२०० गेजचं, म्हणजे ३०० मायक्रॉनचं जाड प्लास्टिक, ३० मिमी वाळू आणि तळाला १५० मिमी सोलिंग, म्हणजे चोपलेल्या फोडीव दगडाचा थर. बेरीज ४०० मिमी. फरशी आत्ताच्या जमिनीच्या पातळीलाच ठेवायची असेल तर ४० सेंमी खाली जावं लागेल.

इथे थांबा. जुन्या दगडमातीच्या घरांचा पाया बऱ्याचदा तुम्ही समजता तेवढा खोल नसतो. काही ठिकाणी भिंतीचा शेवटचा दगड जमिनीखाली हातभरही जात नाही, आणि त्याला जागेवर धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे आतून टेकलेली हीच माती. ती चारी बाजूंनी ४० सेंमी काढली तर भिंतीचा पाय उघडा पडतो. भिंत त्याच दिवशी पडेल असं नाही. पण एक कोपरा खचला, खिडकीच्या वर तिरका तडा गेला, की ते काम परत फिरवता येत नाही. आणि मोठा पाऊस झाला तर भिंत पडूही शकते.

म्हणून पहिलं काम टिकाव-फावड्याचं नाही, छोट्या खड्ड्यांचं. भिंतीला लागून आतून दोन ठिकाणी ५० बाय ५० सेंमीचे खड्डे घ्या. एक लांब भिंतीच्या मध्यावर, दुसरा ओल असलेल्या मागच्या भिंतीशी. शेवटचा दगड दिसेपर्यंत हळूहळू उकरा, त्याच्याखाली मात्र हात घालू नका. आत्ताच्या जमिनीपासून त्या दगडाच्या तळापर्यंतचं माप घ्या, लिहून ठेवा, आणि माती परत भरून चोपा.

तळ ५५ सेंमी किंवा त्याहून खाली मिळाला तर ४० सेंमी खोदायला हरकत नाही. ४० ते ५५च्या मधे असेल तर जमेल, पण भिंतीलगतची माती एक-एक मीटरच्या तुकड्यात, आलटून पालटून काढा आणि उघडा तुकडा त्याच दिवशी सोलिंगने भरा. तळ ४० सेंमीपेक्षा उथळ असेल तर सगळीकडे सारखं खोदायचा विचार सोडा. भिंतीपासून अर्धा मीटर रुंदीचा पट्टा उथळ ठेवा, पायाचा तळ कुठेही उघडा न पडेल इतकाच उकरा, आणि त्या पट्ट्याच्या कडेपासून खोलीच्या मध्याकडे ४५ अंशांपेक्षा कमी उतार देत खाली जा. पट्ट्यावर सोलिंग वगळा आणि थर्माकोलऐवजी पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट) या कडक फोमची शीट वापरा. ६० मिमी पीआयआर उष्णता अडवण्यात १०० मिमी थर्माकोलच्या बरोबरीची आहे, कारण तिची उष्णतावाहकता ०.०२२ आहे आणि थर्माकोलची ०.०३७च्या आसपास. तळ २५ सेंमीपेक्षाही उथळ निघाला, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक घमेलं माती काढू नका.

दुसरा मार्ग जमीन थोडी वर उचलण्याचा. खोलीभर पीआयआर घातली, माती टणक असल्याने सोलिंग १०० मिमी केलं, तर सगळी उंची ३१ सेंमीवर येते. त्यातले ६-७ सेंमी वर चढवले की खोदाई २५ सेंमीवर येते. तुमच्या २.३ मीटर उंचीत एवढं सोसेल. मात्र दाराची चौकट, खिडकीच्या तळाची उंची आणि शेजारच्या खोलीशी जुळणारा उंबरा आधी मोजा. दाराचं माप राहत नसेल तर ही युक्ती बाद.

आता ओल. तुमचा हा प्रश्न गवंड्यांनी हसण्यावारी नेला असेल तर तसं करू देऊ नका. मातीची जमीन २० चौरस मीटरभर हवेत ओल सोडत असते, आपल्याला ती दिसत नाही इतकंच. तिच्यावर प्लास्टिक आणि काँक्रीट पडलं की ही वाट बंद होते. जमिनीखालची ओल कडेकडे सरकते आणि भिंतीतून वर यायचा रस्ता शोधते. किती येईल हे माती आणि पाणी यांवर ठरतं. कोरड्या, निचऱ्याच्या जागी काहीच होत नाही. तुमच्या मागच्या भिंतीला मात्र आत्ताच ओल आहे, आणि तिचं कारण पत्रातच आलं आहे: बाहेरची जमीन उंच आहे.

ती बाहेरची माती आधी उतरवा. भिंतीलगत एक मीटर रुंदीत बाहेरची पातळी आतल्या तयार फरशीपेक्षा किमान १५ सेंमी, जमल्यास २० सेंमी खाली हवी, आणि उतार घरापासून दूर. इथेही पायाचं माप लक्षात ठेवा, बाहेरून माती काढताना दगड उघडा पडू देऊ नका. पाणी साचत असेल तर १०० मिमीचा भोकं असलेला पाइप खडीत, जिओटेक्स्टाइल कापडात गुंडाळून, दर मीटरला १ सेंमी उताराने काढून द्या. हा चर भिंतीला चिकटून खणण्याचा मोह होतो. तो भिंतीपासून किमान एक मीटर दूर ठेवा आणि पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नका. भिंतीला बाहेरून किंवा आतून खालच्या भागात सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढा. सिमेंटच्या मागे अडकलेली ओल वर वर चढते, मग लोणा कंबरेपर्यंत दिसायला लागतो. त्या जागी चुन्याचा गिलावा करा, आणि तो फरशीच्या वर १५ मिमी थांबवा. फट स्कर्टिंगमागे झाकली जाते आणि गिलावा खालची ओल शोषत नाही.

हे करून शक्य असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. भिंत वाळली तर काँक्रीट बिनधास्त करा. नाही वाळली तर आमचं मत स्पष्ट आहे: अशा भिंतींच्या मधे प्लास्टिक घालू नका. तिथे फोम ग्लासची, म्हणजे फुगवलेल्या काचेची हलकी खडी २५ सेंमी चोपून त्यावर १० सेंमी चुन्याचं काँक्रीट हा पर्याय बरा. खाली आणि वर जिओटेक्स्टाइल घालायचं, प्लास्टिक नाही. फोम ग्लासमधून ओल केशाकर्षणाने वर चढत नाही आणि वाफ अडत नाही. हे काँक्रीट पाण्यात घट्ट होणाऱ्या नैसर्गिक चुन्याचं असतं, आठवड्यांनी घट्ट होतं, त्यामुळे घाईच्या कामात बसत नाही. आणि वर व्हिनाइल किंवा बंद ग्लेझची फरशी चिकटवणार असाल तर या सगळ्या खटाटोपाचा अर्थ उरत नाही. चाचणीच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी उभं राहत असेल, तर निचरा केल्याशिवाय दोन्ही प्रकार करू नका.

समजा भिंत वाळली. २० चौरस मीटरमधून ४० सेंमी म्हणजे ८ घनमीटर माती निघेल, पण उकरल्यावर ती फुगते, बाहेर ढीग १० घनमीटरचा होतो. वजन १३-१४ टन. ती कुठे टाकायची हे आधी ठरवा. भिंतीला टेकवून तर मुळीच नको. ती परत भरावात वापरायचीही नाही, खचते.

सोलिंगला स्वच्छ फोडलेला दगड, ४० मिमी आणि त्याखालचा. घरातच निघालेला राडारोडा कामी येईल असं वाटतं, पण त्यात जिप्समच्या गिलाव्याचे तुकडे असतील तर सल्फेटमुळे वरचं काँक्रीट वर्षानुवर्षं फुगत राहतं आणि जमीन मधूनच उचलते. लाकडाचे तुकडे कुजतात आणि वाळवीला बोलावतात. वाळवीचा भाग असेल तर सोलिंगआधीच मातीवर उपचार करा, थर्माकोलच्या आत वाळवीला आयता आडोसा मिळतो. चोपायला यंत्र चालेल, पण भिंतीपासून अर्धा मीटर हाताची धुमसच वापरा. यंत्राच्या कंपनाने दगडांमधली माती सुटते. दर थर १५ सेंमीपेक्षा जाड नको.

त्यावर वाळू. इथे कंटाळा केला की पुढे सगळं बिघडतं. दोन मीटरची सरळ पट्टी फिरवून बघा, खाली ५ मिमीपेक्षा जास्त उजेड दिसता कामा नये. खड्ड्यावर पडलेली शीट डुलते, गवंडी तिच्यावर उभा राहिला की मोडते, आणि मोडलेल्या जागी काँक्रीट खाली मातीच्या थंडाव्याला भिडतं. वाळूत टोकदार खडी वर आली असेल तर वेचून काढा, ती प्लास्टिक फाडते. जाड प्लास्टिकच्या जोडांत एक कड दुसरीवर ३० सेंमी चढवा, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बंद करा, आणि कडा भिंतीवर तयार फरशीच्या वरपर्यंत चढवून ठेवा. कोपऱ्यात कापू नका, पाकिटासारखी घडी घाला. घर ग्रॅनाइटच्या, रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघणाऱ्या भागात असेल तर हेच प्लास्टिक वायूरोधक दर्जाचं घ्यावं लागतं आणि सोलिंगमधून वायू बाहेर काढायला पाइप ठेवावा लागतो.

थर्माकोल एका १०० मिमी शीटऐवजी ५० मिमीच्या दोन थरांत, सांधे एकावर एक न येता घाला. फटी राहिल्या तर फोमने भरा. शीटवर डांबराचं द्रावण लावू नका, त्यातला सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतो. विजेची पीव्हीसी केबल थर्माकोलला चिकटून नको, तिचं आवरण कडक होऊन तडकतं. केबल पाइपातूनच न्या.

आणि कड विसरू नका. खोलीच्या मध्यातून जाणारी उष्णता मातीतून लांबचा रस्ता धरते, भिंतीलगतची मात्र दोन हातांवर बाहेर पोचते. चारी भिंतींना २५ ते ३० मिमी जाडीची इन्सुलेशनची उभी पट्टी, काँक्रीटच्या तळापासून फरशीच्या माथ्यापर्यंत लावा. तिच्यामुळे काँक्रीट थंड दगडाला टेकत नाही आणि त्याला आकुंचन-प्रसरणालाही जागा मिळते. अनेक ठिकाणी ही पट्टी वाचवलेली असते, आणि तिथेच थंडीत भिंतीकडेने दमटपणा आणि बुरशी येते.

थर्माकोलच्या वरचं पातळ प्लास्टिक सिमेंटचं पाणी सांध्यांत उतरू नये म्हणून. पीआयआर असेल तर ते लागतंच, कारण तिच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला ओलं सिमेंट खातं.

पाइप, ड्रेनेज, वीज हे सगळं काँक्रीटच्या आधी. ११० मिमीच्या सांडपाण्याच्या पाइपला ४० ते ८० मीटरला १ मीटर उतार द्या, पाण्याने भरून तपासा, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. पातळीसाठी लेव्हल नळीने चारी भिंतींवर तयार फरशीपासून बरोबर १ मीटर उंचीची रेघ मारा आणि प्रत्येक थर तिथूनच खाली मोजा.

काँक्रीट २ घनमीटर, वाया जाणारं धरून २.२. १ भाग सिमेंट, दीड वाळू, ३ खडी या प्रमाणात ५० किलोच्या १८ गोण्या, ०.९५ घनमीटर वाळू, १.९ घनमीटर खडी लागेल. पाणी गोणीला २५ लिटर, वाळू ओली असेल तर तेवढं कमी. मिश्रण घट्ट वाटतं म्हणून कामगार पाणी ओततात, तेच पाणी पुढे बारीक भेगा आणि वरचा भुसभुशीत पापुद्रा देतं. ६ मिमी सळीची २०० बाय २०० मिमीची वेल्डमेश जाळी घाला, जोडात ४० सेंमी एकावर एक. जाळी काँक्रीटच्या वरच्या अर्ध्यात हवी. ती खाली अंथरून ‘टाकताना वर ओढू’ म्हणतात, आणि ती खालीच राहते. जाळीखाली रुंद बुडाचे कव्हर ब्लॉक, म्हणजे आधाराचे ठोकळे ठेवा, टोकदार पायांचे थर्माकोलमध्ये घुसतात.

ढकलगाडी शीटवरून नेऊ नका, फळ्या टाका. पहिलं काँक्रीट मध्यावर ओतून शीट दाबून धरा, नाहीतर कडेने मसाला खाली शिरतो आणि थर्माकोल तरंगून वर येतो. ४ बाय ५ मीटरचा तुकडा एका दिवसात, मधे न थांबता पुरा करा. दारात, जिथे शेजारच्या खोलीचं काँक्रीट मिळतं तिथे, सांधा सोडा. ओलं सिमेंट कातडी भाजतं, गमबूट आणि हातमोजे सगळ्यांना द्या. जड चूल, पाण्याची टाकी किंवा विटांची आडभिंत येणार असेल तर ती जागा आत्ताच सांगा, तिथे खाली स्वतंत्र पाया लागेल.

गुरमाळा फिरवून झाला की काँक्रीट घट्ट होताच प्लास्टिकने झाका, आणि ७ दिवस ओलं ठेवा. तीन दिवसांनी हलक्या पावलांनी चाला. फरशी महिन्यानंतर बसवता येते. लाकडी किंवा व्हिनाइलची जमीन करायची असेल तर धीर धरावा लागेल. खाली प्लास्टिक असल्याने काँक्रीट फक्त वरून वाळतं: पहिले ५० मिमी रोज १ मिमीच्या वेगाने, पुढचे त्याच्या निम्म्या. १०० मिमीला सुमारे पाच महिने. हायग्रोमीटर पृष्ठभागावर झाकून ठेवला आणि आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली आली, तरच लाकूड आणा. कडेच्या पट्टीचा आणि प्लास्टिकचा वर आलेला भाग फरशी बसल्यावरच कापा, आणि स्कर्टिंग भिंतीला ठोका, फरशीला चिकटवू नका.